‘सुंदर ते ध्यान’ आणि त्यानंतर: कला, साहित्य आणि देव यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात कीर्तन संपल्यावर मंडपात, वाचनालयाच्या पायरीवर किंवा भजनी मंडळाच्या सरावात हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे करून बघण्यासारखे खूप आहे.

सौंदर्य देवाकडे नेते म्हणजे नक्की काय होते?

तुकोबांचा ‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग घ्या. सगळ्यांना पाठ असतो, म्हणून त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. चार कडव्यांच्या या अभंगात ‘सुंदर’ हा शब्द एकदाच येतो, आवड मात्र दोनदा येते: ‘आवडे निरंतर हेचि रूप’ आणि शेवटी ‘पाहीन श्रीमुख आवडीने’. शिवाय शेवटचे क्रियापद ‘पाहीन’ असे आहे. पाहून झाले असे तुकोबा म्हणत नाहीत, इथून पुढे पाहत राहीन असे म्हणतात.

सगळी वाट एवढ्यात आली. आधी काहीतरी सुंदर दिसते किंवा कानावर पडते, मग त्याची आवड लागते आणि आवडीतून नेम धरला जातो. देवाकडे नेण्याचे काम सौंदर्य एकटे करत नाही. ते आवड लावून देते, पुढचे चालणे नेमाचे असते. बहुतेकांचे अडते ते पहिल्या पायरीवर. सुंदर वाटले, डोळे भरून आले, घरी आलो, संपले.

मग नुसती करमणूक आणि हे, यातला फरक ओळखायचा कसा?

आपल्या साहित्यशास्त्रात याला फार नेमका शब्द आहे. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसाच्या आस्वादाला ‘ब्रह्मास्वादसहोदर’ म्हटले. म्हणजे ब्रह्मानंदाच्या आस्वादाचा सहोदर, एकाच उदरातून जन्मलेला भाऊ. भाऊ चेहऱ्याने सारखा असला तरी तो म्हणजे आपण नव्हे. नाटकात रंगलेला माणूस घटकाभर स्वतःचे नाव, कर्ज, भांडण विसरतो. ध्यानातही तेच विसरणे असते. फरक कळतो तो पडदा पडल्यावर. नाटकानंतर ‘मी’ जसाच्या तसा परत येतो, उपासनेनंतर तो थोडा सैल होऊन यायला हवा.

त्यामुळे खूण बाहेर आल्यावर शोधा. दिंडीतून घरी आल्यावर पहिल्या तासात घरच्यांशी बोलण्यात काही फरक पडला का? चपला शोधताना शेजारच्याला धक्का देऊन पुढे गेलात का? ही कसोटी साधी आहे आणि ती कधी खोटे बोलत नाही.

सुरुवात कशाने करावी?

एका अभंगाने. दहा नको, एकच. आणि त्याला पूर्ण आठवडा द्या.

पहिल्या दिवशी तो स्वतःच्या हाताने वहीत लिहून काढा. मोबाइलवरून उतरवून चिकटवलेले यात धरू नका. लिहिताना जिथे हात अडखळतो त्या शब्दाखाली रेघ मारा. दुसऱ्या दिवशी त्या शब्दांचे अर्थ शोधा. ‘सुंदर ते ध्यान’मध्ये ‘ध्यान’ म्हणजे डोळ्यांपुढचे रूप, पण मिटल्या डोळ्यांनी करायचे ध्यानही त्यात आहेच. ‘कासे’ म्हणजे कमरेला. तिसऱ्या दिवशी चाल न लावता मोठ्याने तीन वेळा वाचा. चौथ्या दिवशी त्यातली नजर कुठून कुठे जाते ते बघा. आधी विटेवर उभी असलेली सगळी आकृती आणि कमरेवरचे हात, मग गळ्यातला तुळशीहार, कमरेचा पितांबर, कानातली मकरकुंडले, कंठातला कौस्तुभ आणि शेवटी मुख. सगळे दागिने बघून झाल्यावर नजर चेहऱ्यावर स्थिरावते, आणि तिथे आल्यावर तुकोबा एकही विशेषण वापरत नाहीत. नुसते ‘श्रीमुख’ म्हणतात. डोळे कसे आहेत, ओठ कसे आहेत, काही सांगत नाहीत. ती जागा तुमच्यासाठी मोकळी सोडली आहे.

पाचव्या दिवशी पाठ करा. सहाव्या दिवशी आवडीची चाल ऐका, एकदाच. सातव्या दिवशी वही न उघडता, सकाळी आंघोळीनंतर, दिवा लावून सावकाश म्हणा. रोज पंधरा मिनिटे पुरतात. तासभर बसायचा संकल्प करणारे साधारण चौथ्या दिवशी सोडतात.

छंद, वृत्त वगैरे मला कळत नाही. अडेल का?

अडणार नाही, पण ‘मोठा अभंग’ हा छंद बोटांवर मोजता येतो. एका कडव्यात चार चरण, अक्षरे ६, ६, ६ आणि ४. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. जोडाक्षर एकच धरायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब ठेवायचा नाही.

इथे एक चूक हमखास होते. आपण रोजच्या बोलण्यात ‘सुंदर’चा शेवटचा र अर्धा करतो, ‘ध्यान’चा न अर्धा करतो. अभंग तसाच वाचला की सहाच्या जागी चारच ठोके पडतात आणि ओळ लंगडी वाटते. लोकांना वाटते जुनी भाषाच खडबडीत आहे. प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारून बघा, ताल आपोआप येतो.

आता गंमत बघा. या अभंगाचे पहिले आणि शेवटचे कडवे मापात अगदी तंतोतंत आहे. मधल्या दोन कडव्यांत मात्र ‘तुळसीहार गळा’, ‘आवडे निरंतर’, ‘तळपती श्रवणी’, ‘कंठी कौस्तुभमणी’ या ठिकाणी सहाची सात अक्षरे होतात. दागिने आले की ओळ भरून वाहते, मुखापाशी आली की पुन्हा मापात बसते. तुकोबांनी हे मोजून केले असे आमचे म्हणणे नाही. पण गाताना ते कळते, आणि कळले की तोच अभंग पूर्वीसारखा राहत नाही.

ज्ञानेश्वरी सुंदर आहे असे सगळे म्हणतात. मला तर ती अवघडच वाटते.

अवघड वाटते कारण आपण ती पहिल्या ओवीपासून सलग वाचायला बसतो. सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. नेवाशात १२९० साली पूर्ण झालेला ग्रंथ आजच्या वाचकाला थेट कसा कळेल? दोनच ठिकाणांपासून सुरुवात करा.

पहिले ठिकाण अगदी आरंभीच्या वीसेक ओव्या. तिथे गणपतीचे वर्णन आहे, पण तो गणपती मातीचा वा पाषाणाचा नाही, शब्दांचा आहे. अठरा पुराणे त्याच्या अंगावरचे रत्नजडित दागिने. सहा दर्शने हे सहा हात, त्यांतल्या एकात तर्काचा परशू. वेदान्त हा मोदक. आणि काव्य-नाटके? ती त्याच्या पायांतली घुंगरे. ज्ञानदेव म्हणतात की ती रुणझुणतात आणि त्यांचा आवाज म्हणजे अर्थ. कविता देवाच्या अंगावर नक्की कुठे बसते, हे यापेक्षा नेमकेपणाने कुणी सांगितलेले आम्हाला ठाऊक नाही. ती मुकुटात नाही, पायांत आहे. पण देव चालू लागला की आधी आवाज तिचाच येतो.

दुसरे ठिकाण सहाव्या अध्यायात, ‘माझा मराठाचि बोलु कौतुके’ या ओवीपासून पुढे. ही ओवी भाषणांत इतकी वापरली जाते की पुढच्या ओव्या कुणी वाचतच नाही. पुढे इंद्रियांचे भांडण आहे. शब्द खरा कानाचा विषय, पण इतका रसाळ की जीभ म्हणते हा माझा, नाक म्हणते हा तर सुगंध. कानांनाच जिभा फुटतात. आणि या सगळ्या वैभवानंतर ज्ञानदेव सांगतात की हे कानाने ऐकून संपणारे नव्हे, मनाने भोगायचे. पहिल्या अध्यायात तर स्पष्टच आहे: ‘हे शब्देविण संवादिजे, इंद्रिया नेणता भोगिजे’. शब्दांचा एवढा मोठा श्रीमंत माणूस शेवटी शब्दांच्या पलीकडे बोट दाखवतो.

वाचायचे कसे? रोज पाच ओव्या. आधी मूळ ओवी दोनदा मोठ्याने, मग अर्थ, मग पुन्हा मूळ ओवी. शेवटचे वाचन गाळू नका. अर्थ कळल्यावर पुस्तक मिटले की हाती गद्य उरते.

पंढरपूरला दर्शनाला जातो, पण दोन क्षणही मिळत नाहीत. मूर्ती बघायची तरी कशी?

सोलापूरपासून पंढरपूर साधारण सत्तर किलोमीटर. एवढे जाऊन, रांगेत तास काढून, शेवटी धक्क्यात काय दिसले ते आठवत नाही, ही तक्रार खरीच आहे. उपाय तयारीत आहे.

आधी ठरवा की पदस्पर्श की मुखदर्शन. पदस्पर्शात डोके पायांवर टेकते, त्यामुळे त्या क्षणी मुख नीट दिसणार नाही. दोन्ही हवे म्हणून धडपडलात तर दोन्ही हातचे जाते. पदस्पर्शाला गेलात तर फक्त पाय आणि वीट. मुखदर्शनाला गेलात तर फक्त उभे राहण्याची ढब.

ती ढब बघण्यासारखी आहे. देवांच्या पुष्कळ मूर्तींना कमरेत, मानेत एक डौलदार बाक दिलेला असतो. विठ्ठल सरळ उभा आहे. दोन्ही पाय समोर सारखे, दोन्ही हात कमरेवर. हातात उगारलेले शस्त्र नाही. काळ्या पाषाणाची ही मूर्ती शिल्पाच्या नेहमीच्या मापाने फार नाजूकही नाही. तिचे सौंदर्य त्या वाट बघण्यात आहे. घरातले मोठे माणूस दारात कमरेवर हात ठेवून उभे राहते, तसे.

बाहेर आल्यावर लगेच प्रसादाच्या दुकानाकडे वळू नका. सावलीत पाच मिनिटे डोळे मिटून बसा आणि पाहिलेले उलट क्रमाने आठवा. जेवढे आठवेल तेवढेच तुमचे दर्शन. पुढच्या वेळी त्यात एका गोष्टीची भर पडली तरी पुष्कळ झाले. मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवली की डोळे आपले काम सोडून देतात.

कीर्तनात मला बुवांचा आवाजच आवडतो. शब्द लक्षात राहत नाहीत. हे चुकीचे आहे का?

चुकीचे नाही, अर्धे आहे. वारकरी कीर्तन साधारण दोन तासांचे आणि त्यात निरूपणाला अभंग एकच असतो. सुरुवातीच्या दहा मिनिटांत अभंग कोणता आणि ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, कोणते एवढे पकडा. ध्रुपद वहीत नको, ओठांवर ठेवा. मग टाळकरी ते पुन्हा पुन्हा घेतील तेव्हा प्रत्येक वेळी बघा की मधल्या निरूपणाने त्याच ओळीचा अर्थ कुठे सरकला. नारदीय कीर्तन असेल तर पूर्वरंगात जो विचार मांडला तो उत्तररंगातल्या आख्यानात कुठे भेटतो ते शोधा. तो सापडला की कथा नुसती कथा राहत नाही.

गडबड होते ती तीन कारणांनी. ध्वनिक्षेपक इतका मोठा असतो की शब्द फुटतात, तेव्हा कर्ण्याच्या समोर न बसता बाजूला बसा. दुसरे, चाल सिनेमाच्या गाण्याची असली की मन मूळ गाण्याकडे पळते. तिसरे, चित्रफीत काढायला हात वर धरला की कान बंद होतात. तिसऱ्यावर इलाज सोपा आहे.

आमच्या घरी कन्नड बोलतात, शेजारी तेलुगू. हे सगळे फक्त मराठी संतांपुरते आहे का?

सोलापुरात हा प्रश्न पडावा हेच नवल! या गावाचे ग्रामदैवत असलेले सिद्धरामेश्वर स्वतः बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची वचने, म्हणजे छोट्या भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत आणि शेवटी ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा येते. वचनाला अभंगासारखे अक्षरांचे माप नसते, ते बोलण्याच्या लयीत चालते. म्हणून ते पाठ करताना चाल शोधू नका, श्वास शोधा. एका श्वासात किती येते तिथे थांबा. घरात आजी-आजोबांना वचने येत असतील तर त्यांच्याकडूनच ऐका, छापील मराठी भाषांतर नंतर.

तेलुगू घरांत कवी पोतनाच्या भागवतातली गजेंद्रमोक्षाची पद्ये पिढ्यान्‌पिढ्या पाठ असतात. अर्थ न कळताही त्यांचा नाद घरात राहतो. नातवंडांना तो नाद आधी मिळू द्या. आणि सोलापुरातल्या शुभराय महाराजांच्या मठाची आठवण इथे काढायलाच हवी, कारण ते संतकवीही होते आणि चित्रकारही.

गड्ड्याची यात्रा म्हणजे गर्दी, पाळणे, भजी. त्यात कला कुठे आणि देव कुठे?

पाळणे आणि भजी हवेतच, पण सिद्धरामेश्वरांच्या या यात्रेचे मर्म त्याआधी आहे. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस तो उंच, सजवलेला ध्वज कमरेशी पेलतो आणि तोल सांभाळत गावभर चालतो. अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि तैलाभिषेक आधी होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरली आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितले, अशी त्यामागची कथा. म्हणजे रूपाची ओढ दंडाकडे, योगाकडे वळवली. या सबंध विषयाचा सारांश सोलापूर दरवर्षी रस्त्यावर मांडते.

बघायचे असेल तर अक्षतेच्या गर्दीत टाचा उंचावण्यापेक्षा प्रदक्षिणेच्या वाटेवर एखाद्या वळणाशी उभे राहा. वळणावर ध्वज झुकतो. तेव्हा वरच्या फुलांकडे न बघता पेलणाऱ्याच्या पायांकडे बघा. पाऊल आधी चाचपते, मग टेकते. ती शोभा वर आहे, तिची किंमत खाली मोजली जाते.

लावणी, कादंबरी, सिनेमा यांत देवाचे नावही नसते. त्यांतून देवाकडे जाता येते?

याचे उत्तर सोलापूरच्याच मातीत आहे. शाहीर राम जोशी इथले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. शृंगाराच्या लावण्यांनी त्यांनी महाराष्ट्र डोलवला आणि पुढे कीर्तनाकडे वळले. या वळणामागे मोरोपंतांचा सहवास होता असे सांगतात. त्यांची ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा धरिशी का शिरी’ ही रचना मोठ्याने म्हणून बघा. हटा, तटा, पटा, जटा, आणि पुढे मठाची उठाठेव. भगव्या कपड्यांचा देखावा नको असे सांगणारी ओळ स्वतः नादाच्या दागिन्यांनी मढलेली आहे. डफावर शृंगार गाताना कमावलेला ‘ट’चा ठेका तोच, फक्त कामाला दुसरीकडे लागला. कवीने आपली कला टाकून दिली नाही, तिची दिशा बदलली.

म्हणून देवाचे नाव नसलेली चांगली कथा-कादंबरी अवश्य वाचा. ती दुसऱ्याच्या आत शिरायला शिकवते, आणि जो दुसऱ्याच्या आत शिरू शकत नाही त्याची भक्ती स्वतःभोवतीच फिरते. मात्र ज्या कलाकृतीनंतर माणसे तुच्छ वाटू लागतात तिच्यापासून थोडे लांब राहा, मग तिच्यात देवाचे नाव शंभरदा आलेले का असेना.

सौंदर्य फसवतही नाही का?

फसवते. चोखोबांनी हे सर्वांत कमी शब्दांत सांगितले: ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा’. डोंगा म्हणजे वाकडा. हे म्हणणारा माणूस मंगळवेढ्याचा, ज्याला देवळाच्या आत जाऊ दिले नाही. आतली सजावट, आतले झगमगते रूप त्याच्या वाट्याला आले नाही. आज त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. मुखदर्शनाच्या रांगेत लागण्याआधी तिथे थांबावे. ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी दाराबाहेर उभे राहून जे गायले, त्याच्या तोडीचे फार थोडे आत गायले गेले असेल. देवळाच्या सौंदर्यावर बोलताना हा अन्याय गाळला तर ते बोलणे खोटे होते.

मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा. तिचे रूप हेच तिचे संकट झाले. बेदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने ‘नको देवराया अंत आता पाहू’ म्हणत विठ्ठलापाशी प्राण सोडला, असे परंपरा सांगते. सुंदर वस्तू मालकीची करायची वासना आणि सुंदरापुढे नमणे यांत किती अंतर आहे, ते या एका अभंगात दिसते.

सिद्धरामेश्वरांनाही हा प्रश्न चुकला नाही. त्यांनी सोलापुरात देवळे उभारली, तळे खोदले. कन्नड शरण संत अल्लमप्रभू इथे आले आणि या बांधकामातच अडकून पडू नकोस असे त्यांनी कठोरपणे सुनावले, हा प्रसंग ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात येतो. पुढे सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला (आजचे कर्नाटकातले बसवकल्याण) गेले. तरी तळे राहिले, आणि आजही सकाळी त्या पाण्यात देऊळ उलटे दिसते. दोघांचेही खरे होते असे आम्हाला वाटते.

हात कामात असतात. बसून अभंग वाचायला वेळ कुठला?

माढा तालुक्यातल्या अरणचे सावतोबा मळ्यातच राहिले आणि कांदा-मुळा-भाजीत त्यांना विठाई दिसली. अरण ते पंढरपूर काही लांब नाही, तरी त्यांनी मळा सोडला नाही.

यंत्रमागावर काम करणाऱ्याला लक्ष म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. सोलापुरी चादर दुहेरी विणीची. एका बाजूला नक्षी ज्या रंगात, दुसऱ्या बाजूला तीच उलट रंगात. मागावरची नक्षी ठरवणाऱ्या जेकार्डच्या पुठ्ठ्यावर एक भोक चुकले की तो दोष त्या एका जागी राहत नाही, नक्षी जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा उमटतो. घरातली जुनी चादर घ्या, दोन्ही बाजूंनी पाच मिनिटे बघा, एक फूल धाग्याने धागा डोळ्यांनी पूर्ण करा. ज्याला चादरीकडे पाच मिनिटे बघता येते त्याला मूर्तीकडेही बघता येते. ज्याला येत नाही त्याने आधी चादर घ्यावी.

इतर धर्मांतही असा विचार आहे का?

आहे, आणि खोलवर आहे. प्लेटोने शिडी सांगितली: एका सुंदर देहापासून सर्व देहांच्या सौंदर्याकडे, तिथून मनाच्या, मग ज्ञानाच्या आणि शेवटी ज्यामुळे हे सगळे सुंदर आहे त्याकडे. संत ऑगस्टिन आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात देवालाच सौंदर्य म्हणून हाक मारतात आणि हळहळतात की तू आत होतास, मी बाहेर शोधत राहिलो, प्रेम करायला फार उशीर झाला. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे. कुराणपठणात तर प्रत्येक वर्णाचा उच्चार जपण्याचे शास्त्रच आहे.

मराठीपुरते बोलायचे तर फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी गोव्यात १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले, सुमारे ११,००० ओव्यांचे. ख्रिस्ताची कथा सांगायला त्यांना आपली ओवीच योग्य वाटली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म घेतला, तरी अभंग आणि कीर्तन सोडले नाही.

मी देव मानत नाही. मला यात काय आहे?

वरचे सगळे करून बघता येईल, श्रद्धेची अट नाही. फक्त ‘हे सुंदर आहे’ म्हटल्यावर ‘कुणामुळे?’ हा प्रश्न मुद्दाम बंद करू नका. उघडा राहू द्या.

काही महिन्यांनी सगळे कोरडे वाटू लागते. तोच अभंग नुसता शब्दांचा ढीग वाटतो.

हे होणारच, आणि ते बिघडल्याचे लक्षण नाही. सुरुवातीची गोडी नवेपणाची असते, ती ओसरते. अशा वेळी लोक नवा अभंग, नवा गायक, नवा मठ शोधतात. महिनाभर तरी बदल करू नका. वेळ कमी करा, पंधराची पाच मिनिटे करा, पण जागा आणि वेळ तीच ठेवा. मोठ्याने म्हणवत नसेल तर नुसते लिहा, रोज एक कडवे. दोन महिने उलटूनही काहीच हलत नसेल तर एकट्याने करू नका, भजनी मंडळात जाऊन मागे बसा. दुसऱ्यांच्या आवाजावर तरंगता येते. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर तो प्रश्न अभंगाचा नाही. डॉक्टरांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

मी स्वतः चित्रे काढतो, कविता करतो. ती उपासना होऊ शकते?

होऊ शकते. पण सही करण्याआधी ते काम एक रात्र देवापुढे ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. रात्री जिथे स्वतःची पाठ थोपटली होती नेमकी तीच जागा सकाळी खटकते. ती खोडा. बाकीचे ठेवा.

आईला आता दिसत नाही, ऐकूही कमी येते. तिच्यासाठी काही?

आधी तिच्याजवळ काय आहे ते विचारा. या जिल्ह्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येतात, पण ‘म्हणून दाखव’ म्हटले की आठवत नाहीत. त्या हाताच्या हालचालीशी बांधलेल्या असतात. तिच्या हातात जात्याचा खुंटा द्या. जाते नसेल तर पाट्यावरचा वरवंटा चालेल. हात फिरू लागला की पहिली ओवी यायला थोडा वेळ लागतो, मध्ये बोलू नका. आल्यावर ध्वनिमुद्रण करा आणि त्याच दिवशी कागदावर उतरवा. शब्द तिचे जसे असतील तसेच लिहा. ‘इठ्ठल’चे ‘विठ्ठल’ करू नका, ‘पंढरी’ला ती ‘पंढरपूर’ म्हणत असेल तर तेही तसेच. ओवीत भावाचे, लेकीचे, सासूचे नाव आले तर ते गाळू नका, देवाचे नाव त्यांच्याच रांगेत येते. लिहून झाले की तिच्या कानाशी तोंड नेऊन तिचीच ओवी तिला सावकाश म्हणून दाखवा. तिने मान डोलावली नाही तर एखादा शब्द तुमच्याकडून चुकला आहे, पुन्हा विचारा.